औषधाने दुखावलेली किडनी कशी भरून येते, आणि ग्रोथ फॅक्टरचं इंजेक्शन का घेऊ नये

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं चाललंय ते इतरांनाही कळेल. तुमच्या ६१ वर्षांच्या वडिलांना गंभीर संसर्गासाठी दहा दिवस अमिकासिन हे प्रतिजैविक दिलं. रक्तातलं क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा कचरा, किडनी दुखावली की तो रक्तात साठतो) १.० वरून ४.३ वर गेलं. लघवी होत राहिली, डायलिसिस लागलं नाही, आणि आता तीन आठवड्यांनी ते १.७ वर अडल्यासारखं वाटतंय. किडनीच्या पेशी पुन्हा तयार होतात का, त्यात ग्रोथ फॅक्टर नेमकं काय करतात, आणि कुणीतरी सुचवलेलं ‘ग्रोथ फॅक्टर आणि स्टेम सेल’चं इंजेक्शन घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण घाई त्याचीच आहे. ते इंजेक्शन घेऊ नका. किडनीला अचानक झालेल्या इजेवर बाहेरून दिलेल्या एकाही ग्रोथ फॅक्टरचा उपयोग माणसांमध्ये अजून सिद्ध झालेला नाही. हे असं का झालं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण वडिलांची पुढची काळजी कशी घ्यायची हेही त्यातूनच उलगडतं.

अमिकासिन, जेंटामायसिन या गटातली औषधं रक्तातून गाळली जाऊन नेफ्रॉनच्या, म्हणजे किडनीतल्या गाळणी आणि नलिका मिळून झालेल्या सूक्ष्म एककाच्या, नलिकेत उतरतात. गाळणीनंतरचा नलिकेचा पहिला भाग गाळलेल्या पाण्यातली उपयोगी प्रथिनं परत ओढून घेत असतो. हे काम करणारं मेगालिन नावाचं प्रथिन तिथल्या पेशींच्या आतल्या काठावर असतं. औषध त्याच मेगालिनला चिकटून पेशीत शिरतं आणि लायसोसोम नावाच्या पिशव्यांत साठत जातं. तिथे स्निग्ध द्रव्यांचं विघटन अडतं, पिशव्या फुगून फुटतात आणि पेशी मरते. रक्तातलं औषध लवकर निघून गेलं तरी पेशींमधला हा साठा कित्येक दिवस रेंगाळतो. त्यामुळे औषध थांबवल्यावरही काही दिवस क्रिएटिनिन चढत राहू शकतं. तेव्हा घरची माणसं विचारतात, ‘मग बंद करून उपयोग काय झाला?’ उपयोग झालेला असतो, आकड्यात दिसायला वेळ लागतो.

यात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. पेशी मरतात, पण ज्या पातळ तळपडद्यावर त्या बसलेल्या असतात तो बहुतेक वेळा शाबूत राहतो. माणसात नवे नेफ्रॉन जन्माआधीच, गर्भाच्या साधारण ३६व्या आठवड्यापर्यंत, तयार होऊन संपतात. त्यानंतर आख्खा नेफ्रॉन गेला की गेला. मात्र नलिकेच्या आतलं पेशींचं अस्तर पुन्हा भरू शकतं. या नव्या पेशी येतात कुठून, यावर बरीच वर्षं वाद होता. अस्थिमज्जेतून येत असाव्यात असं अनेकांना वाटे. २००८ साली उंदरांच्या नलिकापेशींवर कायमची जनुकीय खूण करून हा प्रयोग झाला, तेव्हा इजेनंतर भरून आलेल्या पेशींवरही तीच खूण सापडली. बाहेरून कुणी आलं नव्हतं. शेजारच्या वाचलेल्या पेशींनीच विभाजन करून भगदाड भरलं होतं.

त्यासाठी वाचलेली पेशी आधी आपलं रोजचं काम सोडते. तिचा ब्रशसारखा काठ झडतो, ती चपटी होते, रिकाम्या पडद्यावर पसरते आणि भ्रूणावस्थेत चालू असलेली सॉक्स-९ सारखी जनुकं पुन्हा चालू करते. मग विभाजन होतं. उंदरांमध्ये हे पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जोरात चालतं. जागा भरली की पेशी पुन्हा उभी राहते, काठ फुटतो, मेगालिन येतं, ती मूळ कामाला लागते. पसर, विभागून दोन हो, थांब, पुन्हा कामाला लाग, हे पेशीला सांगणारे निरोप म्हणजे ग्रोथ फॅक्टर. ‘ग्रोथ’ या शब्दामुळे जास्त म्हणजे चांगलं असं वाटतं, पण इथे निरोप वेळेवर बंद होणं हे तो मिळण्याइतकंच महत्त्वाचं आहे. तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं या एका मुद्द्याभोवती फिरतात.

ईजीएफ, म्हणजे एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, यातला सर्वांत जुना ओळखीचा. स्टॅन्ली कोहेन यांनी तो उंदराच्या लाळग्रंथीतून शोधला आणि १९८६ साली त्यांना रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्याबरोबर नोबेल मिळालं. पुढे कळलं की निरोगी किडनी स्वतःच भरपूर ईजीएफ बनवते, इतकं की ते लघवीत सहज मोजता येतं. ते बनतं नलिकेच्या पुढच्या टप्प्यांत आणि लघवीबरोबर पुढे वाहून जातं. ते ओळखणारे ग्राही (निरोप पकडणारी पेशीवरची प्रथिनं, रिसेप्टर) मात्र बहुतांशी पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला असतात. मला ही रचना फार विचारपूर्वक केल्यासारखी वाटते. अस्तर अखंड असेपर्यंत निरोप आणि ऐकणारा यांची गाठच पडत नाही. अस्तर फाटलं, पेशींच्या बाजू उलटसुलट झाल्या, की ग्राही उघडे पडतात. गंमत अशी की मोठ्या इजेनंतर किडनीची ईजीएफची निर्मिती घटते. त्या वेळी धावून येतं त्याचं भावंड, एचबी-ईजीएफ. ते जखमेच्या जागीच, पेशीच्या पृष्ठभागावरून कापलं जाऊन सुटतं आणि त्याच ग्राहीला चिकटतं.

हा ग्राही नलिकेतून काढून टाकलेल्या उंदरांमध्ये इजेनंतर किडनी सावकाश भरून येते. म्हणजे तो हवाच. पण तोच ग्राही आठवडेच्या आठवडे चालू राहिला, तर नलिकांभोवती तंतुमय व्रण साठू लागतो, आणि तेव्हा तो अडवला तर व्रण कमी होतो. रेणू तोच, पेशीही त्याच, पहिल्या आठवड्यात उपकारक आणि सहाव्या आठवड्यात घातक. पाठ्यपुस्तकातल्या तक्त्यात ‘चांगले घटक’ आणि ‘वाईट घटक’ असे दोन रकाने असतात ना, ते मला म्हणूनच पटत नाहीत.

दुसरा महत्त्वाचा घटक एचजीएफ, हेपॅटोसाइट ग्रोथ फॅक्टर. नावात यकृत असलं तरी किडनीत त्याचं काम मोठं आहे. नलिकेच्या पेशी स्वतः तो बनवत नाहीत. नलिकांभोवतीच्या आणि रक्तवाहिन्यांच्या पेशी तो बनवतात, आणि नलिकापेशी सी-मेट नावाच्या ग्राहीने तो ऐकतात. तो निष्क्रिय रूपात साठवलेला असतो आणि इजा झालेल्या जागी विकरांनी कापला गेल्यावरच जागा होतो. नलिकापेशींना तो मरणापासून वाचवतो, विभाजनाला लावतो, शिवाय व्रण घडवणाऱ्या टीजीएफ-बीटाला आवर घालतो. १९९४ साली जपानी संशोधकांनी सिस्प्लॅटिन या कर्करोगाच्या औषधाने किडनी दुखावलेल्या उंदरांना एचजीएफ दिलं, तेव्हा इजा कमी झाली आणि भरपाई लवकर झाली. त्या निकालाने माझ्या पिढीच्या नेफ्रॉलॉजिस्टना मोठी आशा लावली होती.

तिसरा आयजीएफ-१, म्हणजे इन्सुलिनसारखा ग्रोथ फॅक्टर. तो विभाजनाला तर मदत करतोच, शिवाय किडनीतला रक्तप्रवाह आणि गाळण्याचा वेगही वाढवतो. उंदीर वर्गातल्या प्राण्यांवर त्याचे निकाल उत्तम होते. त्यामुळे माणसांवरची मोठी चाचणी आधी त्याचीच झाली.

आता टीजीएफ-बीटा. याला सगळे खलनायक ठरवतात. पण जखम सांधायला सुरुवातीला थोडे तंतू लागतात आणि भडकलेला दाह शमवायलाही हाच लागतो. बिघडतं कधी, तर पेशीतला डीएनए इतका दुखावलेला असतो की विभाजनाला निघालेली पेशी मध्येच, जी-२ (विभाजनाची तयारी) आणि एम (प्रत्यक्ष विभाजन) या टप्प्यांच्या उंबरठ्यावर, अडकून पडते. २०१० साली हे स्पष्ट झालं की अशी अडकलेली पेशी गप्प बसत नाही. ती टीजीएफ-बीटा आणि व्रण वाढवणारा आणखी एक घटक, सीटीजीएफ, सोडत राहते. शेजारच्या केशवाहिन्यांना लगटून असलेल्या पेशी ते ऐकून तंतू विणू लागतात. केशवाहिन्या आधार सुटून आक्रसतात, रक्तपुरवठा घटतो, त्यातून पुन्हा इजा होते. मूळ औषध कधीच बंद झालेलं असतं, तरी व्रण वाढत राहतो.

सगळ्या औषधांनी होणारी इजा सारखी नसते, ती यामुळेच. अमिकासिनची इजा बहुतेकदा भरून येते, कारण डीएनएला थेट धक्का लागत नाही. याच्या अगदी उलट टोक म्हणजे अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्या घेतलेल्या शंभराहून अधिक रुग्णांच्या किडन्या निकामी होत गेल्या. त्या गोळ्यांत अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातली वनस्पती मिसळलेली होती. हे आम्ल डीएनएला चिकटून बसतं, पेशी त्या उंबरठ्यावर अडकतात, नवं अस्तर जवळजवळ येतच नाही आणि गोळ्या थांबवल्यावरही किडनी व्रणाने आक्रसत जाते. त्यांपैकी अनेकांना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. सिस्प्लॅटिन या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतं. सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस ही प्रत्यारोपणानंतर दिली जाणारी औषधं तर पेशी फारशा न मारताही टीजीएफ-बीटा वाढवतात, त्यामुळे वर्षानुवर्षं घेणाऱ्यांच्या किडनीत व्रणाचे पट्टे दिसतात. वेदनाशामक गोळ्यांनी रक्तप्रवाह घटून झालेली इजा किंवा ॲसिडिटीच्या गोळ्यांच्या अ‍ॅलर्जीतून आलेली सूज, यांचं गणित आणखी वेगळं. तिथे पेशी भरून येण्यापेक्षा कारण लवकर ओळखणं आणि सूज असेल तर कधी कधी स्टेरॉइड देणं महत्त्वाचं ठरतं. तेव्हा ‘औषधाने किडनी खराब झाली’ एवढ्यावर कुणी ग्रोथ फॅक्टर सुचवत असेल, तर इजेचा प्रकार त्याने विचारात घेतलेलाच नाही.

आता चाचण्यांकडे. किडनीला तीव्र इजा झालेल्या ७२ रुग्णांवर आयजीएफ-१ ची बहुकेंद्री चाचणी झाली आणि १९९९ साली निकाल आला: किडनी लवकर सुधारली नाही, डायलिसिसची गरज घटली नाही, मृत्यूही कमी झाले नाहीत. २०१२ च्या केडिगो या आंतरराष्ट्रीय किडनी संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत तर स्पष्ट लिहिलं आहे की तीव्र इजा टाळायला किंवा बरी करायला आयजीएफ-१ वापरू नये. टीजीएफ-बीटाच्या विरोधात काम करणाऱ्या बीएमपी-७ ची नक्कल करणारं एक औषध हृदयशस्त्रक्रियेच्या साडेचारशेच्या आसपास रुग्णांवर तपासलं, इजा टळली नाही. एचजीएफसारखं काम करणारा एक रेणू किडनी प्रत्यारोपणानंतरच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत अपयशी ठरला. स्टेम सेलचंही तेच. हृदयशस्त्रक्रियेनंतर किडनी दुखावलेल्या १५६ रुग्णांवर दुसऱ्याच्या अस्थिमज्जेतल्या पेशींची नीट आखलेली चाचणी झाली, निकाल २०१८ मध्ये आला, आणि किडनी सुधारायला लागणारा वेळ कमी झाला नाही.

उंदरात जमतं ते माणसात का जमत नाही? मला सर्वांत मोठं कारण वेळेचं वाटतं. प्रयोगात इजा कधी झाली हे मिनिटावर माहीत असतं आणि औषध काही तासांत दिलं जातं. रुग्णाच्या बाबतीत आपण क्रिएटिनिनच्या भरवशावर असतो, आणि गाळण्याचा वेग कोसळल्यावरही ते वर यायला एक-दोन दिवस लागतात. अमिकासिनच्या इजेला तर एकच एक क्षण नसतो, ती रोज थोडी थोडी होत जाते. आपल्या लक्षात येतं तोवर किडनीने स्वतःचे निरोप पाठवून विभाजन सुरूही केलेलं असतं. त्यात आणखी तोच निरोप ओतून काय साधणार? शिवाय प्रयोगातला उंदीर तरुण आणि निरोगी असतो. आपल्या अतिदक्षता विभागातला रुग्ण साठीचा, मधुमेह, रक्तदाब, जंतुसंसर्ग असलेला. एचजीएफ रक्तात काही मिनिटांतच निम्मं होतं, मग ते जखमेच्या जागी पुरेसं टिकणार कसं, हाही प्रश्न आहेच.

मला स्वतःला याहून जास्त अस्वस्थ करणारी बाब आहे. किडनी दुखावलेल्या रुग्णांत सिस्प्लॅटिन घेणारे पुष्कळ असतात. सी-मेट आणि ईजीएफचा ग्राही हे तर गाठींच्या वाढीचे ओळखीचे मार्ग, ते अडवण्यासाठी कर्करोगाची औषधं बनली आहेत. अशा माणसाच्या शिरेत ग्रोथ फॅक्टर सोडायचं धाडस मी करणार नाही. वडिलांना कर्करोग नाही हे खरं. पण साठीनंतर शरीरात कुठे काय लपून बसलंय हे आधी कोण सांगणार? ग्रोथ फॅक्टर औषध म्हणून अजिबात चालतच नाहीत असंही नाही. मधुमेहाच्या पायाच्या जखमेवर पीडीजीएफ या ग्रोथ फॅक्टरचं जेल अमेरिकेत १९९७ साली मान्य झालं, आणि काही कर्करोग उपचारांत तोंड येऊ नये म्हणून केजीएफ २००४ साली. पहिल्यात जखम डोळ्यासमोर असते आणि औषध तिच्यावरच लावता येतं. दुसऱ्यात इजा कोणत्या दिवशी होणार हे आधीच ठाऊक असतं, म्हणून औषध आधीच देता येतं. किडनीच्या बाबतीत या दोन्ही सोयी सहसा मिळत नाहीत.

ईजीएफ किडनीत रोज काय करत असतं, हे मला कळलं ते एका बाजूच्या वाटेने. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी सेटुक्सिमॅब घेणाऱ्यांचं मॅग्नेशियम घसरतं. हे औषध ईजीएफचा ग्राही बंद करतं, आणि नलिकेच्या पुढच्या भागातला मॅग्नेशियम परत घेणारा टीआरपीएम-६ हा दरवाजा ईजीएफच्या इशाऱ्यावर उघडतो. दरवाजा मिटला की मॅग्नेशियम लघवीतून जातं. पेशीविभाजनाचा निरोप म्हणून आपण ज्याला ओळखतो, तो शांत दिवसांत क्षारांचा हिशेबही सांभाळत असतो. लघवीतलं ईजीएफ कमी असणाऱ्यांची किडनी पुढे जास्त वेगाने खालावते, असंही अभ्यासांत दिसलं आहे. मला या घटकांचा खरा उपयोग आज तिथे दिसतो, किडनीची अवस्था वाचण्यासाठी. ही तपासणी अजून नेहमीच्या वापरात आलेली नाही, म्हणून प्रयोगशाळांत विचारत फिरू नका.

आता वडिलांबद्दल. तीन आठवड्यांना १.७ म्हणजे शेवटचा आकडा नव्हे. भरपाई तीन महिन्यांपर्यंत चालू शकते, म्हणून ९० दिवसांनंतरच आम्ही ‘कायमचा बिघाड’ हा शब्द वापरतो. आकडा आणखी उतरेल की नाही याची खात्री मी देऊ शकत नाही, पण डायलिसिस न लागणं आणि लघवी होत राहणं ही दोन्ही चांगली लक्षणं आहेत. एक सावधगिरी: महिनाभराच्या आजारात स्नायू झिजतात, आणि क्रिएटिनिन स्नायूंतूनच येतं. त्यामुळे आकडा प्रत्यक्षापेक्षा बरा दिसू शकतो. ते बरेच खंगले असतील तर डॉक्टरांना सिस्टॅटिन-सी (स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली किडनीची रक्ततपासणी) तपासायला सांगा.

या तीन महिन्यांत सर्वांत मोठा धोका दुसऱ्या इजेचा असतो. नुकत्याच विभाजनातून आलेल्या, अजून पुरत्या न सावरलेल्या पेशींवर पुन्हा घाव बसला, की त्या उंबरठ्यावर अडकण्याची आणि व्रणाचे निरोप सोडण्याची शक्यता वाढते. म्हणून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या पूर्ण बंद. ताप किंवा दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ठरलेल्या मात्रेत चालेल. जुलाब-उलट्या झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या तेवढ्यापुरत्या थांबवाव्या लागतात, पण स्वतःच्या मनाने थांबवू नका. डाय टाकून सीटी स्कॅन सुचवला तर आधी क्रिएटिनिन दाखवा. घटक न लिहिलेली चूर्णं, काढे, ‘किडनी साफ करणारी’ औषधं, यांतलं काहीही नको. पाणीही बळंच पाजू नका, तहान आणि लघवीच्या अंदाजाने पुरेसं आहे. रक्तदाब मात्र नियमित तपासा.

क्रिएटिनिन आधी दोन आठवड्यांनी आणि मग महिन्याने करा, अचानक वाढलं तर लगेच दाखवा. तीन महिने पूर्ण झाल्यावर क्रिएटिनिनबरोबर लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन जरूर तपासा. रक्ताचा आकडा सुधारला म्हणून ही तपासणी अनेक जण टाळतात, आणि मागे राहिलेला व्रण तिथेच आधी सापडू शकतो. अल्ब्युमिन जास्त निघालं तर त्यासाठी उपचार आहेत, आणि ते लवकर सुरू केलेले बरे.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट विचारतो. वडिलांना ऐकू कमी येतंय का, कानात आवाज होतोय का, चालताना तोल जातोय का? अमिकासिन कानाच्या आतल्या केसपेशींनाही मारतं. किडनीतल्या नलिकापेशींना शेजारच्या पेशी भरून काढतात, माणसाच्या कानातल्या या पेशी मात्र पुन्हा उगवत नाहीत. वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात, त्यामुळे घरच्या बोलण्यात ते लक्षात येत नाही. या आठवड्यातच श्रवणचाचणी करून घ्या. आणि त्यांच्या फाइलच्या पहिल्याच पानावर ‘अमिकासिनमुळे किडनीला इजा’ असं तारखेसह मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पुढच्या वेळी संसर्ग झाला आणि दुसऱ्या एखाद्या डॉक्टरला घाईत औषध निवडावं लागलं, तर तो ते पान वाचून दुसरा पर्याय बघेल, आणि याच गटातलं द्यावंच लागलं तर रक्तातली पातळी मोजत देईल.